विंडोजचा ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी कोण होते?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाथर्डीच्या डीटीपी सेंटरवर टाईप केलेली लग्नपत्रिका नगरच्या प्रेसमध्ये उघडली, की बरेचदा नवरा-नवरीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. फाईल बिघडलेली नसायची. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे. तोच फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला, की आतलं इंग्रजी उघडं पडायचं.

या गोंधळातून मराठीला बाहेर काढणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी, अर्थात र. कृ. जोशी.

जन्म १९३६ चा. मुंबईत जे. जे. मध्ये शिकले, मग जाहिरात क्षेत्रात गेले आणि ‘उल्का’त नाव कमावलं. कविताही करायचे, त्याही अशा की अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ उभा राहावा. पुढे ते आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले आणि त्यानंतर जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत आले. तेव्हा ते साठीत होते!

इथेच त्यांच्या देखरेखीखाली मायक्रोसॉफ्टसाठी देवनागरी ‘मंगल’ तयार झाला आणि विंडोज २००० सोबत घरोघरी पोहोचला.

आता गंमत बघा. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक नंबर दिला, पण ‘स्त्री’ला वेगळा नंबर नाही. स, त, र, मधले दोन हलन्त आणि वेलांटी असे सहा नंबर ओळीने साठवले जातात. ते जोडायचे कसे, याचे नियम फॉन्टच्या आत लिहावे लागतात आणि ते वाचून अक्षर जुळवणारा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये लागतो. म्हणजे नुसतं सुंदर अक्षर काढून भागत नव्हतं.

खरी डोकेदुखी लिनक्सवर होती. तिथे ग्नोमचा पँगो वेगळा, केडीईचं क्यूटी वेगळं, ओपनऑफिसचं आयसीयू वेगळं. प्रत्येकाची अक्षरं जुळवायची पद्धत आपापली. त्यामुळे एकच शब्द एका खिडकीत नीट, तर शेजारच्या खिडकीत मोडका. मराठीत हे महागात पडतं, कारण ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. तो अर्धा ‘ऱ’ चुकला की निमंत्रण भलत्याकडे!

अशा वेळी दोष शोधायची रीत सोपी आहे. त्याच प्रोग्रामात फॉन्ट बदलून पाहायचा, मग तोच फॉन्ट दुसऱ्या प्रोग्रामात. जोडाक्षर सगळीकडे मोडत असेल तर संशय फॉन्टवर, एकाच ठिकाणी मोडत असेल तर त्या प्रोग्रामवर.

पण फॉन्टमध्ये चूक सापडली तरी ‘मंगल’ला हात लावता येत नव्हता, तो मायक्रोसॉफ्टचा. म्हणून जोशींचा दुसरा फॉन्ट महत्त्वाचा. ‘रघु’ एनसीएसटीने जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिला. कुणीही तो उघडावा, नियम दुरुस्त करावेत, पुढे वाटावा. प्रसिद्धी मात्र सगळी ‘मंगल’च्याच वाट्याला आली.

५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जोशींचं निधन झालं. त्यानंतर हार्फबझ नावाचा मुक्त प्रोग्राम हळूहळू सगळीकडे पसरला. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड त्याच्याकडूनच अक्षरं जुळवून घेतात.

आणि ‘मंगल’? मराठी माणसाने घडवलेल्या या फॉन्टमधला ‘ल’ हिंदी वळणाचा का, ही मराठीजनांची तक्रार अजून चालूच आहे.