दुष्काळानंतरचे तुकोबा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम आटोपून यवतला पोहोचते, तेव्हा काळभैरवनाथाच्या देवळात पिठले-भाकरीचा बेत तयार असतो. घराघरातून भाकऱ्या येतात, पिठले मोठ्या कढयांत शिजते आणि हजारो वारकरी पोटभर जेवतात. ही पालखी ज्यांची, त्यांच्या घरचा धंदा धान्याचाच होता. तरी त्यांची पहिली पत्नी भुकेने गेली.

तुकोबांचा जन्म 1608 सालचा, देहूच्या खात्यापित्या घरातला. वडील बोल्होबांकडे महाजनकी, दुकान आणि सावकारी होती. थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा, त्यामुळे कोवळ्या वयातच दुकानाचा भार तुकोबांवर पडला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाई घरात आली. पुढे थोड्या काळात आईवडील गेले, भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. यातून सावरण्याआधीच 1630च्या सुमाराचा मोठा दुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात त्यात होरपळले. गुरे मेली, उधारी बुडाली, दिवाळे निघाले. रखमाबाई गेली आणि पाठोपाठ लहानगा संतूही गेला. तुकोबा तेव्हा विशी ओलांडलेले तरुण होते.

आपल्या आयुष्याची हकिगत सांगताना त्यांनी दुःखासोबत लाजेचाही उल्लेख केला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. धंदा बुडालेला माणूस रडत नाही, तो तोंड लपवतो. ओळखीचा दिसला की वाट बदलतो, फोन उचलत नाही. घरच्यांना वाटते, हा आळशी झाला किंवा याला वैराग्य आले.

चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या आजाराचे नाव चिकटवणे बरोबर नाही. जिवलग गेल्यावर मन खचणे हा आजार नव्हेच. त्या दुःखाच्या लाटा येतात आणि ओसरतात, मधूनच माणूस नातवंडाकडे बघून हसतोही. नैराश्यात हे ओसरणे थांबते. दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, कशातच गोडी वाटत नाही. झोप पहाटेच उडते किंवा दिवसभर उठवत नाही, जेवण जात नाही, अंगात त्राण उरत नाही, आणि सगळे आपल्यामुळेच झाले असे वाटत राहते. चिंतेच्या आजारात छाती धडधडते, हातपाय घामेजतात, काहीतरी वाईट होणार ही धास्ती सुटत नाही. गावाकडे पुष्कळ जण आधी हृदय तपासून येतात. ते तपासावेच, पण अहवाल चांगला आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर निघून गेले. त्यांना शोधत गेला तो धाकटा भाऊ कान्होबा. चरित्रकार सांगतात, की भेटीनंतर दोघे इंद्रायणीकाठी आले. कर्जखतांचे दोन वाटे झाले. कान्होबाने आपला वाटा ठेवला, तुकोबांनी आपला नदीत सोडला. इतरांच्या डोक्यावरचे कर्ज असे पाण्यात गेले.

मग त्यांनी हाताला काम घेतले. घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त केले. एकादशीला कीर्तनाला उभे राहू लागले. आधी मन लागत नव्हते, म्हणून संतांची वचने पाठ केली, दुसऱ्यांच्या मागे धृपद धरले. मन लागल्यावर काम सुरू करू, असे म्हणत ते थांबले नाहीत. आजचे समुपदेशकही खचलेल्या माणसाला हेच सुचवतात: छोटे, ठरलेल्या वेळेचे, शक्यतो चार माणसांतले काम आधी सुरू करायचे, उमेद मागाहून येते. मात्र तीव्र नैराश्यात एवढ्याने भागत नाही. औषधे लागतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि ती मनाने बंद करायची नसतात. भजनाला जाणाऱ्यानेही गोळी घ्यावी, त्यात भक्तीला उणेपणा नाही. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर त्याला एकटे सोडू नये; 14416 या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

या साऱ्या कथेत जिजाईची बाजू फार कमी सांगितली जाते. लोकांनी तिला कजाग ठरवले. घरात पोरे, दारात देणेकरी आणि नवरा डोंगरावर, अशा स्थितीत ती चिडली नसती तरच नवल. तरीही तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसत, तेव्हा भाकरी घेऊन चढण चढणारी तीच होती. आजारी माणसाची विचारपूस सगळे करतात. त्याला सांभाळणारीला झोप लागते का, हे कोणी विचारत नाही.

1650 साली तुकोबा गेले, तेव्हा जिजाई गरोदर होती. तिच्या पोटी आलेल्या नारायणबुवांनीच 1685 साली देहूहून पालखी सुरू केली. ती आजही दरवर्षी यवतला जेवायला थांबते.