दान नव्हे, हक्क

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांना मिळालेला पहिला आदेश वाचण्याचा होता. याच महिन्यात बहुतेक जण जकात काढतात. जकात म्हणजे उपकार नव्हे. श्रीमंताच्या मालातला तो गरिबाचा हक्क असतो. दान आणि हक्क यांतला फरक शिक्षणाच्या बाबतीत ओळखणारा एक राजा महाराष्ट्रात होऊन गेला.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. १८९४ मध्ये कारभार हाती आला. खेड्यातल्या मुलाने शहरात शिकायला यावे, तर राहायचे कुठे? महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतले.

पण वसतिगृहापर्यंत पोचणारी मुले मोजकीच. बाकीची गुरांमागे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. महाराजांनी मात्र १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी मजुराला ही रक्कम जड होती. १९१९ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवले. ६ मे १९२२ रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हा हक्क देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडले. कायदा आला, तरी आपल्या वाशिम जिल्ह्यात कामासाठी गाव सोडणाऱ्या आईबापांबरोबर मुलांची शाळाही सुटते. इफ्तारची भजी बांधून देणारा हात कधी कधी दहा वर्षांच्या पोराचा असतो. त्याला ईदी देऊन आपण समाधानाने घरी येतो.

वह्या-पुस्तके वाटण्यात सवाब आहेच. पण या रमजानमध्ये त्या पोराला एवढे विचारू या, की बेटा, तुझे नाव कोणत्या शाळेत आहे? उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पालकांना घेऊन जवळची शाळा गाठू या. तिथे आपण दान मागायला जाणार नाही. त्याचा हक्क मागायला जाऊ.