हिंगण्याची झोपडी

महर्षी धोंडो केशव कर्वे म्हटले की महिला विद्यापीठ आणि 'भारतरत्न' हा किताब डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु हे कार्य रोपट्याएवढे असताना त्याला पाणी कोणी घातले, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे झाला. कोकणातील मुरुड हे त्यांचे गाव. घरची परिस्थिती बेताची. १८९१ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याबद्दल गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला.

१८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तेव्हा लोकांना दाखवायला इमारत नव्हती की परीक्षेचे निकाल नव्हते. अशा कामाला पैसा कोण देणार? म्हणून पहिली देणगी त्यांनी स्वतःच दिली. साठवलेले हजार रुपये त्यांनी आश्रमाला देऊन टाकले. बाकीच्या पैशांसाठी ते गावोगाव हिंडले. कुणी देई, कुणी तोंड फिरवी.

अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले पुढे आले. पुण्याबाहेर हिंगणे येथे त्यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. त्या माळावर १९०० साली आश्रम गेला. महाविद्यालयातील तास संपवून अण्णा तिकडे पायी जात.

१९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेही अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी! १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, अण्णांचे निधन झाले.

ठाकरसींचे दान थोर खरेच. पण त्यांच्यापुढे चोवीस वर्षांचे काम उभे होते. गोखल्यांपुढे मात्र लोकांनी नावे ठेवलेला एक प्राध्यापक, एवढाच पुरावा होता. ते साडेसातशे रुपये मला म्हणूनच मोलाचे वाटतात.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण घरातून कॉलेजात आलेले पहिलेच आहोत. उद्या आपण चार पैसे मिळवू. तेव्हा कुणी पावतीपुस्तक घेऊन दारी आला, तर त्याला आधी इमारत कुठे आहे, असे विचारू नये. तो स्वतःचे काय घालून बसला आहे, हे विचारावे.