बेसिंगस्टोकच्या वाऱ्या : डॉ. मायकेल डिलन



इंग्लंडातल्या आपल्या मराठी मंडळींना बेसिंगस्टोक ठाऊक असतं ते एम३ मोटरवेमुळे, वॉटर्लूच्या गाडीमुळे नाहीतर एखाद्या क्लायंटच्या ऑफिसमुळे. या गावाच्या वायव्येला रुक्सडाउन नावाची वस्ती आहे. पूर्वी त्या भागात पार्क प्रुएट नावाचं भलंमोठं मनोरुग्णालय होतं आणि रुक्सडाउन हाउस ही त्याचीच एक इमारत. दुसऱ्या महायुद्धात तिथे प्लास्टिक सर्जरीचं केंद्र उघडलं. भाजलेले वैमानिक, जबडा उडालेले सैनिक यांचे चेहरे तिथे पुन्हा घडवले जात.

१९४६ ते १९४९ या काळात डब्लिनहून एक वैद्यकीय विद्यार्थी इथे वाऱ्या करत होता. कॉलेजला सुट्टी लागली की यायचा, ऑपरेशन करून घ्यायचा, बरा होऊन परत जायचा. एक नाही, दोन नाही, निदान तेरा ऑपरेशनं! त्याचं नाव लॉरेन्स मायकेल डिलन. स्त्री म्हणून नोंदलेल्या शरीरातून पुरुषाचं शरीर घडवण्याची ही, आज माहीत असलेली, पहिली पूर्ण शस्त्रक्रियामालिका. मायकेलबद्दल जे लिहिलं जातं त्यात भर असतो तो या 'पहिलेपणा'वर. मला मात्र जास्त महत्त्वाचं वाटतं ते दोन ऑपरेशनांच्या मधलं आयुष्य.

मायकेलचा जन्म १ मे १९१५ रोजी लंडनमध्ये झाला. घराणं आयर्लंडमधल्या लिस्मलनच्या बॅरोनेटांचं, म्हणजे वंशपरंपरागत किताब असलेलं. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. थोरला भाऊ रॉबर्ट आणि मायकेल यांना केंटमधल्या फोकस्टनला नात्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी सांभाळलं. जन्माच्या नोंदीत 'मुलगी' लिहिलेलं, त्यामुळे शाळा मुलींची आणि ऑक्सफर्डमधलं कॉलेजही मुलींचंच. तिथे मायकेलने नौकानयनात नाव काढलं आणि विद्यापीठाच्या महिला बोट क्लबचं अध्यक्षपदही मिळवलं. पण आपण मुलगी नाही, हे आत कुठेतरी पक्कं होतं. त्या काळी त्याला धड शब्दसुद्धा नव्हता.

१९३९ मध्ये मायकेल डॉ. जॉर्ज फॉस यांच्याकडे गेला. ते टेस्टोस्टेरॉन या पुरुष संप्रेरकाचे प्रयोग स्त्रियांच्या अतिरक्तस्रावावर करत होते. त्यांच्याकडून गोळ्या मिळाल्या. पण ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याला पाठवलं गेलं, त्याच्याकडून गोष्ट फुटली आणि मायकेलच्या कामाच्या ठिकाणी जाऊन पोचली. नोकरी सोडून मायकेल ब्रिस्टलला एका गॅरेजमध्ये लागला. ऑक्सफर्डचा पदवीधर, आणि काम पेट्रोल भरायचं! पुढे तो बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला लागला. बॉम्बहल्ल्यांच्या रात्री आगीवर नजर ठेवायचं कामही त्याच्याकडे होतं. आवाज फुटला, दाढी आली. गॅरेजच्या मॅनेजरने बाकीच्यांना बजावलं की मायकेलला पुरुष म्हणूनच हाक मारायची. नात्याचा ना गोत्याचा माणूस, पण हे एक काम मोठं करून गेला.

रक्तातली साखर एकदम उतरण्याचा मायकेलला त्रास होता. एकदा असाच तो पडला, डोक्याला मार लागला आणि ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत दाखल झाला. तिथे त्या काळातल्या मोजक्या प्लास्टिक सर्जनांपैकी एकाची गाठ पडली. त्याने १९४२ मध्ये छातीची शस्त्रक्रिया केली. पुढे त्याच्याच दाखल्यामुळे १९४४ मध्ये जन्मनोंदीत दुरुस्ती झाली. मायकेलला सर हॅरल्ड गिलीज यांचा पत्ता दिला तोही त्यानेच.

गिलीज हे न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांचे चेहरे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुरुस्त केले. त्यांचं गाजलेलं तंत्र म्हणजे त्वचेची नळी. पोटावरच्या वगैरे त्वचेची पट्टी दोन्ही टोकांना शरीराला जोडलेलीच ठेवायची आणि मधला भाग उचलून नळीसारखा शिवायचा. रक्तपुरवठा चालू राहतो, त्यामुळे कातडी मरत नाही. काही आठवड्यांनी एक टोक सोडवून नव्या जागी शिवायचं. तिथे ते रुजलं की मग दुसरं टोक सोडवायचं.

यातलं मूळ तत्त्व पुणेकरांना नवं नाही! टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं होतं. १७९३ च्या सुमारास पुण्याकडच्या, वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका वैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवं नाक बसवलं. तेव्हाही त्वचेचं मूळ तुटू न देणं हीच खरी युक्ती होती. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांचे डोळे उघडले.

गिलीज यांनी मायकेलला नकार दिला नाही, पण युद्धातल्या जखमींची रांग मोठी होती. तेवढ्यात मायकेलने १९४५ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला. मुलींच्या कॉलेजचं नाव कागदावर राहिलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. एका जुन्या शिक्षकांनी शब्द टाकला आणि ऑक्सफर्डच्या नोंदीत त्याचं कॉलेज ब्रेझनोज झालं. ट्रिनिटीत तो पुन्हा वल्ही मारू लागला, या वेळी पुरुषांच्या संघातून. १९४६ मध्येच त्याचं 'सेल्फ' हे पुस्तक आलं. माणसाचं मन शरीराप्रमाणे बदलता येत नसेल तर शरीर मनाप्रमाणे बदलावं, हा त्याचा मुद्दा होता. ते पुस्तक आपल्याच आयुष्याबद्दल आहे हे मात्र त्यात कुठेही सांगितलेलं नव्हतं.

आणि वाऱ्या सुरू झाल्या.

आम्हा आयटीवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रिलीज एका रात्रीत होतो, खरं काम नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये असतं. शरीराचंही तसंच आहे. पोटावर नळी तयार करायची, ती सरकवायची, आत मूत्रमार्गासाठी दुसरी नळी घडवायची. प्रत्येक पायरीनंतर टाके, ड्रेसिंग आणि थांबणं. अशा शस्त्रक्रियेत नव्या मूत्रमार्गाला बारीक छिद्र पडून गळती होणं किंवा तो आकसून अरुंद होणं हे नेहमीचे त्रास आहेत, आजसुद्धा. १९८४ मध्ये चिनी सर्जनांनी मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताची त्वचा रक्तवाहिन्यांसकट नव्या जागी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हापासून टप्पे कमी झाले. पण पुढच्या दुरुस्त्या पूर्णपणे टळल्या असं नाही. मग चाळीसच्या दशकात एका माणसाला तेरा वेळा टेबलावर जावं लागलं, यात नवल ते काय?

मायकेलच्या जखमा चिघळायच्या. जंतुसंसर्गामुळे काही काळ तो लंगडत चालायचा. डब्लिनला वर्गात कोणी विचारलंच, तर युद्धातली दुखापत म्हणून सांगायचा. त्या वर्षांत असं लंगडणारे तरुण ठिकठिकाणी होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. रुग्णालयाच्या कागदावरही गिलीज यांनी खरं कारण लिहिलं नाही. पुरुषांमधला मूत्रमार्गाचा एक जन्मजात दोष लिहून ठेवला. म्हणजे दुखणं खरं, पण त्याचं नाव खोटं. ऑपरेशनला निघताना निरोप द्यायला घरचं कोणी नाही आणि परत आल्यावर कसं वाटतंय हे विचारायलाही कोणी नाही. अशा अवस्थेत शरीरशास्त्र, औषधशास्त्र यांचे पेपर द्यायचे!

रुक्सडाउन हाउस हे त्याला मोठं वरदान ठरलं असावं. तिथे बहुतेकांच्या अंगावर कुठे ना कुठे अशी नळी लोंबत असायची, कोणाच्या नाकाशी, कोणाच्या हनुवटीशी. गिलीज यांनी वातावरण मोकळं ठेवलं होतं, पेशंटांना गावात फिरायला मुभा होती. सगळेच अर्धवट घडलेले, त्यामुळे एकमेकांकडे टक लावून बघायचं कारणच उरलं नाही. तिथल्या पेशंटांनी पुढे आपला क्लबही काढला.

१९५१ मध्ये मायकेल डॉक्टर झाला. त्याच सुमारास रोबर्टा कॉवेल ही युद्धातली वैमानिक आणि मोटार रेसिंगपटू त्याचं पुस्तक वाचून त्याला भेटली. तिचा प्रवास उलट्या दिशेचा होता. त्या वेळच्या कायद्याने सर्जनांना जे करता येत नव्हतं ते सुरुवातीचं ऑपरेशन मायकेलने गुपचूप केलं आणि पुढचं गिलीज यांनी. मायकेलने तिला लग्नाचंही विचारलं होतं, पण ते जमलं नाही.

१९५२ पासून तो मालवाहू जहाजांवर डॉक्टर म्हणून फिरू लागला. सहा वर्षं बरी गेली. घात केला तो सरदार घराण्यांची वंशावळ छापणाऱ्या दोन ग्रंथांनी. एकात मायकेल हा भावाचा वारस म्हणून छापला गेला, दुसऱ्यात भावाला बहीण असल्याची जुनी नोंद तशीच राहिली. पत्रकारांनी दोन्ही ताडून पाहिलं. १९५८ मध्ये त्याचं जहाज अमेरिकेत बाल्टिमोरला असताना बातमी फुटली. अंगावरच्या जखमा केव्हाच भरल्या होत्या, पण ही जखम भरून काढणारं रुक्सडाउन कुठेच नव्हतं. मायकेल सगळं सोडून भारतात आला.

कालिम्पाँगला तो इंग्रज बौद्ध भिक्खू संघरक्षित यांच्याकडे राहिला. डॉ. आंबेडकरांचं निधन झालं तेव्हा, डिसेंबर १९५६ मध्ये, नागपुरात शोकाकुल जनसमुदायाला धीर देणारे ते हेच संघरक्षित. मायकेलला नवं नाव मिळालं जीवक. बुद्धांच्या काळच्या त्या थोर वैद्याचं नाव! पुढे सारनाथ, मग १९६० मध्ये लडाखमधला रिझोंग मठ. वय पंचेचाळीस, पण पायरी सर्वांत खालची, श्रामणेराची. विनयाच्या नियमांवर बोट ठेवून त्याला पूर्ण भिक्खू होण्यापासून अडवण्यात आलं. लडाखमधला मुक्काम परवान्याअभावी संपला. तरी तो लिहीत राहिला. १५ मे १९६२ रोजी डलहौसीच्या रुग्णालयात त्याचं निधन झालं, अवघ्या ४७ व्या वर्षी. त्याआधी थोडेच दिवस त्याने आत्मचरित्राचं हस्तलिखित लंडनला धाडलं होतं. भावाला ते नष्ट व्हायला हवं होतं, पण ते टिकलं आणि २०१६ मध्ये पुस्तकरूपाने आलं.

हे सगळं मंडळाच्या पानावर लिहायचं कारण एवढंच. आपल्यापैकी कोणाचं ऑपरेशन झालं की पहिल्या आठवड्यात घरी डबे पोचतात, वरण-भाताची ददात नसते. ही आपली चांगली रीत आहे. पण दुसऱ्या, तिसऱ्या दुरुस्तीच्या ऑपरेशनला कोणाच्या लक्षातही राहत नाही. आणि ज्याला ऑपरेशन कसलं हेच सांगता येत नाही, त्याच्यापर्यंत तर डबा पोचतच नाही. आपल्या मंडळातही असं कोणी असेल, आपल्या मुलांच्या पिढीत तर नक्कीच असेल. अशा घरी जाताना कशाचं ऑपरेशन हे विचारायची गरज नाही. किती दिवस विश्रांती सांगितली आहे, पुन्हा हॉस्पिटलला कधी जायचं आहे आणि गाडी घेऊन येऊ का, एवढं विचारलं तरी पुरे.

मायकेल डिलनला तेरा वेळा कोणी हे विचारलं नाही. तरी तो बरा झाला, डॉक्टर झाला, वल्ही मारली, जगभर फिरला. आपल्यातल्या कोणावर मात्र तशी एकट्याने बरं व्हायची वेळ येऊ नये, इतकीच इच्छा.