दूरच्या लढाया, वऱ्हाडातली पटकी आणि गाडगेबाबांचा खराटा

२० डिसेंबर, पुण्यतिथी विशेष

अंजनगाव सुर्जी : गाडगेबाबांचा फोटो नाही असं गाव वऱ्हाडात सापडणं मुश्कील. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेत, संडासाच्या अनुदानाच्या फलकावरसुद्धा बाबा असतात. डोक्यावर गाडग्याचं खापर, अंगात चिंध्यांचा सदरा, हातात खराटा. पण हा माणूस खराट्यापर्यंत आला कसा, हे फारसं कोणी सांगत नाही. वऱ्हाडात रोगराई कुठून आली, लोक तिच्यापुढं इतके हतबल का झाले, ते पाहिल्याशिवाय बाबांचं आयुष्य नीट समजत नाही.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, आजचा अंजनगाव सुर्जी तालुका. घराणं परटाचं. गावाचे मळके कपडे नदीवर नेऊन धुवायचे आणि सुगीला मिळेल ते धान्य घ्यायचं, हा व्यवसाय. वडील झिंगराजी, आई सखूबाई.

या तालुक्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते एका तहामुळं. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला इंग्रज आणि मराठे यांची लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तहावर सही केली. पुस्तकात धडा इथं संपतो. गावात तो संपत नाही. फौज जिथून जाते तिथला कडबा, ज्वारी, बैल सगळं जातं. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला. त्याच्या मागं पेंढाऱ्यांची लूट. त्या पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायला १८१७ मध्ये इंग्रजांनी फार मोठी फौज काढली आणि बुंदेलखंडात तिच्याच छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. सैनिक आणि नोकरचाकर हजारोंनी मेले. १८१८ मध्ये ही साथ नागपूर आणि दख्खनपर्यंत पोचली. फौजा, बाजार, यात्रा, ज्या वाटेनं माणसं चालत होती त्याच वाटेनं रोगही चालत होता.

त्यानंतर शंभर वर्षं पटकी गावोगावी ठाण मांडून बसली. लोकांनी तिला देवीचा कोप मानलं. मरीमायचा गाडा काढायचा, बळी द्यायचा आणि गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायचा. पुढचं गाव तो त्याच्या पुढं ढकलणार. डेबूजी जन्मला तेव्हा आजाराचा इलाज म्हणून लोकांना एवढंच ठाऊक होतं.

दुसरी लढाई तर सात समुद्रापलीकडची. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस बंद पडला. मग त्यांची नजर वऱ्हाडावर गेली. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्याच हातात होतं, निजामाकडून लिहून घेतलेलं. रुईचे भाव आभाळाला भिडले, रेल्वे आली, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली. अमेरिकेतलं युद्ध थांबलं तसे भाव कोसळले. पऱ्हाटी मात्र राहिली, कर्ज राहिलं, आणि ज्वारीची पेवं रिकामी होत गेली. भाव पडला की काय होतं, हे आजच्या कास्तकाराला सांगायची गरज नाही.

शेंडगावच्या परटाच्या घरापर्यंत हे पोचलं ते दारूच्या रूपानं. दारूच्या ठेक्याचा लिलाव सरकारच करायचं, महसूल सरकारलाच मिळायचा. झिंगराजी दारूत बुडाले, दुखण्यानं खंगले आणि तरुणपणीच गेले. डेबूजी तेव्हा सात-आठ वर्षांचं लेकरू. सखूबाई त्याला घेऊन भावाकडं, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या.

मामा चंद्रभानजींचं चांगलं वावर होतं. डेबूजी ढोरं राखायला लागला, पुढं नांगर धरला. पूर्णेच्या पुरात पोहणारा, अंगानं दांडगा, गावच्या भजनात पुढं. पण मामाला अक्षरओळख नव्हती. सावकाराच्या कागदावर अंगठा उठत गेला आणि एक दिवस वावर सावकाराचं झालं. इंग्रजांच्या मोजणीनंतर जमीन नावावर चढली होती, म्हणजे ती गहाण पडू शकत होती, विकली जाऊ शकत होती. मामांनी हाय खाल्ली, त्यातच ते गेले. सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी औत सोडून हलला नाही, असं चरित्रकार सांगतात. बाबांच्या कीर्तनात पुढं आयुष्यभर कर्ज आणि दारू का येत राहिली, ते इथं कळतं. आजच्या फलकांवर खराटा तेवढा राहिला, कर्जाचं बोलणं गळून पडलं. हे बरं झालं नाही.

१८९६-९७ ला दुष्काळ पडला, आणि १८९९-१९०० ला त्याहून भयंकर. ज्या मुलखातून गाड्या भरभरून रुई जात होती तिथं खायला ज्वारी नव्हती. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. हजारो माणसं एका जागी, पोटात अन्न नाही, प्यायला एकच झिरा, आडोशाला जागा नाही. पटकी आणि हगवणीला आणखी काय पाहिजे? भुकेनं मेलेले किती आणि रोगानं मेलेले किती, हे वेगळं काढताच येत नाही. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती. १९०१ ला ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढायची ती जवळजवळ दीड लाखानं घटली. डेबूजी तेव्हा पंचविशीत, बायको कुंताबाई, संसार मांडलेला. हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखतचं.

मुलगी आलोका हिच्या बारशाला त्यांनी रिवाज मोडला. बोकड नाही, दारू नाही, गोड जेवण. भाऊबंद चिडले. आज ही गोष्ट साधी वाटते. पण कर्ज काढून बारसं, लग्न, तेरवी करणाऱ्या समाजात हा मोठा धक्का होता.

१ फेब्रुवारी १९०५ ला ते घर सोडून निघाले. पुढची वर्षं नुसतं फिरणं. गावात शिरायचं आणि कोणाशी न बोलता खराटा चालवायचा. नाल्या, देवळापुढची घाण, विहिरीभोवतीचा चिखल. झाडून झालं की भाकरी मागायची, तीही उष्टी-शिळी गाडग्यात घेऊन. रात्री कीर्तन. कीर्तनात ते उपदेश कमी करायचे, प्रश्न जास्त विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. देवाला बकरं मागायला तोंड आहे का, कर्ज काढून जेवण घालणारा शहाणा का, पोरगं शाळेत जातं का, असा त्यांचा रोख. मरीमायच्या गाड्यापुढं बळी देणाऱ्यांना हे बोलणं झोंबायचं, पण लोक उठून जात नसत.

भातकुली तालुक्यातलं ऋणमोचन हे त्यांचं पहिलं मोठं काम. पौषातल्या रविवारी पूर्णेवर जत्रा भरते. काठावर चिखल, बाया-म्हातारे घसरून पडायचे. बाबांनी तिथं आधी स्वतः माती ओढली, मग वर्गणीतून घाट बांधला. मग पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा. पंढरपूरच्या वारीत पटकीची साथ उठायची आणि वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव जायची, हे सरकारी दप्तरात नोंदलेलं आहे. लाखो माणसं वाळवंटात उघड्यावर झोपणार, तिथंच बसणार आणि तिथलंच पाणी पिणार, तर दुसरं काय होणार? धर्मशाळा म्हणजे नुसतं पुण्य नव्हतं. डोक्यावर छप्पर, प्यायला स्वच्छ पाणी, पोटाला अन्न, हे त्या काळचं आरोग्य खातंच म्हणा. पंढरपूरला अस्पृश्यांना कुठं थारा नव्हता, म्हणून बाबांनी तिथं चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली. १९४९ मध्ये तीच त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणकार्यासाठी देऊन टाकली.

तिसरी लढाई पहिल्या महायुद्धाची. जून १९१८ मध्ये सैनिक घेऊन आलेल्या जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला. पावसाळ्याच्या शेवटी त्याची दुसरी, जास्त मारक लाट रेल्वेच्या वाटेनं आत घुसली. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या भागांपैकी एक. त्या वर्षी पाऊसही नव्हता, धान्य महाग होतं, अंगात ताकद नव्हती. तापानं घरच्या घरं आडवी झाली. देशात किमान सव्वा कोटी माणसं गेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत मध्यप्रांत-वऱ्हाडची लोकसंख्या वाढलीच नाही. युद्ध युरोपात झालं, त्याचा ताप इथल्या लोकांच्या अंगात भरला.

१९२३ मध्ये खुद्द बाबांच्या घरावर घाला आला. एकुलता मुलगा गोविंद पिसाळलेलं कुत्रं चावून गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. निरोप आला, तरी कीर्तन थांबलं नाही. ही गोष्ट सगळे वैराग्य म्हणून सांगतात. पण पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस हिंदुस्थानात कसौलीला १९०० पासूनच मिळत होती. कसौली पंजाबच्या डोंगरात, पोरगं वऱ्हाडात. इलाज होता, पण तो गोरगरिबांपर्यंत पोचत नव्हता.

म्हणूनच बाबांचं शेवटच्या वर्षांतलं एक काम फार मोलाचं वाटतं. मुंबईत मोठे दवाखाने झाले, खेड्यातला रुग्ण तिथं जायला लागला. रुग्णाला खाट मिळायची, सोबतच्या माणसानं राहायचं कुठं? फुटपाथवर. बाबांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. मालकी कशाचीच स्वतःकडं ठेवली नाही, सगळ्या संस्थांचे विश्वस्त नेमून ते मोकळे झाले. आपल्या नातेवाइकांना तिथं शिरकाव मिळू दिला नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बाबांची तब्येत आधीच खालावली होती. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडं येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचा प्राण गेला. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे.

पुढं त्यांच्याच नावानं दादरला टाटा रुग्णालयाच्या कॅन्सर रुग्णांसाठी धर्मशाळा उभी राहिली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्याहून मुंबईच्या गाडीत फाइल छातीशी धरून बसलेल्या माणसाकडं तिचा पत्ता बहुतेक वेळा असतो.