विश्लेषण : सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रियांच्या चित्राने पॅरिस का बिथरले?

पीक काढून झालेल्या शेतात वाकून गव्हाच्या ओंब्या वेचणाऱ्या तीन गरीब स्त्रिया. १८५७ मध्ये हे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागले आणि समीक्षक भडकले. या साध्या दृश्यात भिण्यासारखे काय होते?

चित्रकार कोण?

ज्याँ-फ्रान्स्वा मिले. जन्म १८१४, फ्रान्समधील नॉर्मंडीच्या ग्रुशी या खेड्यात, शेतकरी कुटुंबात. तरुणपणी त्यांनी वडिलांबरोबर शेतात काम केले. १८३७ मध्ये शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि पोटासाठी व्यक्तिचित्रे रंगवू लागले. १८४८ मध्ये धान्य पाखडणाऱ्या मजुराचे त्यांचे चित्र प्रदर्शित झाले आणि वाट सापडली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली. मिले कुटुंबासह बार्बिझों या खेड्यात गेले आणि तिथलेच झाले.

वाद कशामुळे?

सरवा वेचण्याची मुभा ही गावातल्या सर्वात गरिबांसाठीची जुनी रीत. मिले यांच्या चित्रात दूरवर धान्याच्या गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम दिसतो. पुढे मात्र मूठभर ओंब्यांसाठी वाकलेल्या पाठी. तोवर चित्रांतला शेतकरी बहुधा गोंडस किंवा गमतीशीर असे. इथे कष्टकऱ्यांना भव्य, शिल्पासारखे रूप मिळाले होते. १८४८ ची क्रांती होऊन नऊच वर्षे झाली होती. त्यामुळे उच्चवर्गाला या स्त्रियांमध्ये पुढच्या उठावाची चाहूल लागली. १८६३ मध्ये कुदळीवर रेललेल्या थकलेल्या मजुराच्या चित्रावरही अशीच टीका झाली. आपण समाजवादी असल्याचा आरोप मिले यांनी नाकारला. ते जगले तेच रंगवत होते.

पैशाचे काय झाले?

सरवा वेचणाऱ्या स्त्रियांचे चित्र ३ हजार फ्रँकना विकले गेले. बटाट्याच्या शेतात सायंप्रार्थना करणाऱ्या जोडप्याचे 'आंजेलुस' १८५९ मध्ये पूर्ण झाले. ते सांगून काढून घेणारा अमेरिकी ग्राहक न्यायलाच आला नाही. अखेर सुमारे हजार फ्रँकवर समाधान मानावे लागले. नऊ मुलांचा संसार कायम ओढाताणीचा होता. १८६८ मध्ये सरकारी सन्मान मिळाला आणि २० जानेवारी १८७५ रोजी मिले यांचे निधन झाले.

१८८९ मध्ये हेच 'आंजेलुस' लिलावात ५ लाख ५३ हजार फ्रँकना गेले. वर्षभरात ते ८ लाखांना पुन्हा विकले गेले. कुटुंबाच्या वाट्याला त्यातले काहीच आले नाही.

पुढे काय बदलले?

चित्राच्या पुनर्विक्रीत कलावंताला किंवा वारसांना वाटा देणारा कायदा फ्रान्सने १९२० मध्ये केला. त्याच्या चर्चेत 'आंजेलुस'चा दाखला वारंवार दिला गेला. मिले यांच्या पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र व्हॅन गॉगने पुन्हापुन्हा रंगवले. सरवा वेचणाऱ्या त्या तिघी आणि 'आंजेलुस'मधले जोडपे आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत.