पंडिता रमाबाईंची राहून गेलेली डॉक्टरकी

गांधीबागेतील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालयात आलेल्या बाईला स्त्री डॉक्टरने तपासले, तर आज त्यात कुणाला विशेष वाटत नाही. १८८२ साली मात्र ही गोष्ट सरकारकडे मागावी लागत होती. त्या वर्षी शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग पुण्यात आला, तेव्हा पंडिता रमाबाईंनी त्याच्यापुढे मराठीत साक्ष दिली. इथल्या स्त्रिया आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगू शकत नाहीत, त्यापायी अनेक जणी अकाली मरतात, म्हणून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्या, असे त्यांचे म्हणणे होते. या साक्षीचा इंग्रजी अनुवाद झाला आणि तिची चर्चा इंग्लंडपर्यंत पोहोचली. १८८५ मध्ये भारतीय स्त्रियांच्या उपचारांसाठी लेडी डफरिन फंड सुरू झाला. त्यामागच्या प्रयत्नांत या साक्षीचाही उल्लेख केला जातो.

रमाबाई स्वतःही डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या. पण होऊ शकल्या नाहीत, कारण त्यांना दिवसेंदिवस कमी ऐकू येऊ लागले होते.

त्यांचे सारे बालपण कानावर उभे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नुकसानीचे मोल कळते. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकरीत मोडून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिले. आईने म्हणायचे, मुलीने ऐकायचे आणि पुन्हा म्हणायचे, अशी ती शाळा. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराणे सांगून पोट भरत असे. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे १८ हजार श्लोक मुखोद्गत झाले होते.

१८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीचा मृत्यू झाला. तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि आयोगापुढे साक्षही दिली.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र कानांचे दुखणे वाढत गेले आणि डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला. तेव्हा त्या अवघ्या पंचविशीत होत्या.

त्या काळात डॉक्टरला कान किती लागत, हे आज चटकन ध्यानात येणार नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. हृदयाचा विद्युत आलेख रुग्णांसाठी वापरात आला तो त्याही नंतर. छातीच्या आत काय चालले आहे, हे जाणून घेण्याचे मुख्य साधन म्हणजे लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ मध्ये शोधलेला स्टेथोस्कोप. हृदयाचे आवाज मुळातच क्षीण आणि खालच्या पट्टीतले. झडप गळते आहे की अरुंद झाली आहे, फुप्फुसात पाणी आहे की कफ, हे बारीक फरक कानाने ओळखायचे. शिवाय मोठ्या सभागृहातली व्याख्याने आणि खाटेवरच्या रुग्णाने हळू आवाजात सांगितलेली हकिगत.

यावर तेव्हा उपाय काय होता? कानाशी धरायचा कर्णा. समोर बसलेल्या एका माणसाचे बोलणे त्याने थोडे मोठे ऐकू येई, पण हृदयाच्या ठोक्यासाठी त्याचा उपयोग नव्हता. बेलच्या टेलिफोनला जेमतेम सात वर्षे झाली होती. त्याच धर्तीच्या मायक्रोफोनवर चालणारी विजेची श्रवणयंत्रे बाजारात यायला एकोणिसावे शतक सरत यावे लागले, आणि तीही बोजड होती.

रमाबाईंनी वाट बदलली. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकल्या. १८८६ च्या सुरुवातीला त्या अमेरिकेला गेल्या, त्या एका पदवीदानासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. जी पदवी त्यांना स्वतःला हवी होती, ती आपल्याच माणसाच्या हाती पडताना त्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या.

अमेरिकेत रमाबाईंनी व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई तेव्हाच्या मध्य प्रांतात आल्या. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. तिथल्या निराधार मुली आणि विधवा त्यांनी आपल्याबरोबर नेल्या, आणि दौंडजवळच्या केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तिथल्या बायका शिकल्या. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींसाठीही शाळा निघाली. अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्यांचे पुढचे बरेचसे काम डोळे, हात आणि लेखणीच्या बळावर झाले. डॉक्टरकी मात्र राहिली ती राहिलीच.

आज अशी पंचवीस वर्षांची तरुणी आली तर तिचा रस्ता तिथे संपत नाही. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ कान तपासतात. मळ, पडद्याला भोक, मधल्या कानातल्या हाडांचा ताठरपणा यांवर औषध किंवा शस्त्रक्रिया होऊ शकते. मग ऑडिओमेट्री. कोणत्या पट्टीचा आवाज किती कमी ऐकू येतो, याचा आलेख त्यात मिळतो. दोष नसेचा असेल तर या आलेखानुसार जुळवलेले डिजिटल श्रवणयंत्र, आणि ऐकणे फारच कमी असेल तर कॉक्लिअर इम्प्लांट. आवाज वाढवून देणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपही आहेत. त्यांतले काही थेट श्रवणयंत्राला जोडता येतात.

यंत्र घेताना बहुतेकांचे पहिले दोन प्रश्न असतात, दिसणार तर नाही ना आणि किंमत किती. खरे तर पहिला प्रश्न हवा, ऐकू न आल्याने कोणते काम अडते आहे. गांधीबागेतल्या घाऊक कापडबाजारात गिऱ्हाइकाशी भाव ठरवणाऱ्या दुकानदाराला गोंगाटातून बोलणे वेगळे काढणारे यंत्र लागते. घरी नातवंडांशी बोलणाऱ्या आजींची गरज वेगळी, फोनवर दिवसभर काम करणाऱ्याची वेगळी. दोन्ही कानांत दोष असेल तर सहसा दोन्हीकडे यंत्र लावलेले बरे. आवाज कुठून आला हे त्यामुळे कळते.

रिचार्जेबल घ्यावे की सेलवाले, हेही कामावरूनच ठरवावे. रिचार्जेबल यंत्र रात्री चार्जरमध्ये ठेवले की साधारण दिवसभर चालते. बोटे थरथरणाऱ्या किंवा नजर कमी झालेल्या व्यक्तीला बारीक सेल बदलण्यापेक्षा ते सोपे पडते. घरात लहान मूल असेल तर सेल गिळला जाण्याची भीतीही कमी होते. उलट जिथे वीज वारंवार जाते किंवा फिरतीवर राहावे लागते, तिथे खिशात ठेवता येणारे सेल बरे. काही वर्षांनी आतली बॅटरी थकते. ती बदलून मिळते का आणि किती खर्चात, हे आधीच विचारावे. नागपूरच्या उन्हाळ्यात यंत्र उभ्या गाडीत ठेवू नये, आणि रात्री घाम पुसून कोरडे करावे.

पहिल्या दिवशी यंत्र कर्कश वाटते, म्हणून ते कपाटात जाते. वर्षानुवर्षे कमी ऐकायची सवय झालेल्या मेंदूला नव्या आवाजांशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीनदा जाऊन यंत्र जुळवून घ्यावे. परत करण्याची मुदत लिहून घ्यावी. एका कानाचे ऐकणे अचानक एका-दोन दिवसांत गेले तर यंत्राच्या दुकानात न जाता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. तिथे उशीर महागात पडतो.

मेयो, मेडिकल किंवा जवळच्या कुठल्याही तज्ज्ञाकडे जाण्याआधी एका कागदावर ऐकू न आल्याने अडलेली तीन कामे लिहून न्यावीत. यंत्र कोणते घ्यायचे, याचे निम्मे उत्तर त्यातच मिळते. १८८३ साली रमाबाईंनी असा कागद लिहिला असता, तर त्यावर पहिले काम रुग्णाची छाती ऐकण्याचेच असते.